वनस्पतींचे अर्क आणि कर्करोगपेशी : प्रयोगशाळेतील निष्कर्षाचे वाचन

'अमुक वनस्पती कर्करोग बरा करते' अशा आशयाचे विधान आपल्या वाचनात आले असेल. अशा विधानामागे पुष्कळदा प्रयोगशाळेतील एक चाचणी असते. ती नेमके काय सांगते, हे या भागात पाहू.

१. चाचणीचे स्वरूप

वनस्पतीची पाने, साल किंवा मूळ वाळवून भुकटी करतात आणि पाणी, अल्कोहोल यांसारख्या द्रावकात भिजवून अर्क काढतात. शरीराबाहेर पोषकद्रवात वाढवलेल्या कर्करोगपेशी लहान खळग्यांच्या तबकडीत ठेवून त्यांत अर्काच्या निरनिराळ्या मात्रा घालतात. ठरावीक काळानंतर एक पिवळे रंजकद्रव्य मिसळतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या पदार्थात रूपांतर करतात, मृत पेशी करू शकत नाहीत. म्हणजे जांभळा रंग जितका फिका, तितक्या जिवंत पेशी कमी. तुलनेसाठी काही खळग्यांत केवळ द्रावक घालतात, तर काहींत निरोगी पेशी ठेवतात. निरोगी पेशीही तितक्याच प्रमाणात मेल्या, तर तो अर्क केवळ विषारी ठरतो.

२. पेशीपासून रुग्णापर्यंत

१९६२ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिक यू या वृक्षाची साल गोळा करण्यात आली. १९६४ मध्ये तिचा अर्क कर्करोगपेशींना मारक असल्याचे दिसले. मन्रो वॉल आणि नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी यांनी त्यातील क्रियाशील द्रव्य वेगळे केले. १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. हेच टॅक्सॉल. अंडाशयाच्या कर्करोगावरील औषध म्हणून त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, ती मात्र १९९२ मध्ये. मधल्या काळात त्याची कार्यपद्धती, सुरक्षित मात्रा आणि दुष्परिणाम प्राण्यांवर व पुढे रुग्णांवर तपासावे लागले. रुग्णाला दिले जाते ते शिरेतून द्यावयाचे शुद्ध द्रव्य, झाडाची साल नव्हे. यू हा वृक्ष तर स्वतः विषारी आहे.

३. विधानाची भाषा

आता दोन वाक्ये ताडून पाहा : 'अर्काने तबकडीतील पेशी मारल्या' आणि 'वनस्पती कर्करोग बरा करते'. पहिल्यात कर्ता अर्क व कर्म पेशी आहे. दुसऱ्यात कर्ता वनस्पती व कर्म कर्करोग झाले. 'तबकडीतील' हे विशेषण गळाले. एका प्रयोगाचा भूतकाळ जाऊन सार्वकालिक सत्य सांगणारा वर्तमानकाळ आला. प्रयोग तोच राहिला. दावा मात्र कितीतरी पटींनी वाढला. अशा वाक्यावर विसंबून घरातील रुग्णाचे चालू उपचार थांबवले गेले, तर हा बदल जिवावर बेतू शकतो.

स्वयं-अध्ययन

वृत्तपत्रातील औषधी वनस्पतीविषयीचे एक विधान निवडा. त्यातील कर्ता, कर्म, स्थळ आणि काळ ओळखा. चाचणी पेशींवर, प्राण्यांवर की रुग्णांवर झाली, हे बातमीत शोधा आणि तेवढेच सांगणारे वाक्य आपल्या शब्दांत लिहा.