पाल पाळण्याआधी

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी मी सहज बोलून गेलो होतो की नातीच्या घरी एक पाळलेली पाल आहे. त्यानंतर तुमच्याकडून जितके प्रश्न आले, तितके प्रश्न कान्टवर मला चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणी विचारले नाहीत. (हशा) त्यातले बरेचसे अमेरिका-युरोपातल्या आईबापांचे होते. मुलाला सरडा हवाय, कुठला घ्यावा, कशात ठेवावा? तर आज कान्ट बाजूला ठेवू.

आधी इथल्यांसाठी एक खुलासा. भारतात रानातून सरडा किंवा पाल पकडून आणून पाळायची नाही. घोरपड तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हात लावणं हा गंभीर गुन्हा. परदेशी प्राण्यांचंसुद्धा 2022 च्या दुरुस्तीनंतर पूर्वीसारखं राहिलेलं नाही. उदाहरणार्थ हिरवा इग्वाना बाळगायचा तर नोंदणी लागते. म्हणून मी जे सांगणार आहे ते माझ्या मुलाच्या घरचं, टेक्सासमधलं. तिथे हा छंद घरोघरी आहे, दुकानं आहेत, मुख्य म्हणजे या प्राण्यांना तपासणारे पशुवैद्य आहेत. तुमच्या गावात असा वैद्य नसेल तर पुढचं सगळं फक्त करमणूक म्हणून ऐका.

आता मला एक कबुली द्यायची आहे. नातीकडचा हा पहिला प्राणी नव्हे. त्याआधी तिच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन होता. हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला सरडा. हनुवटीखालचे काटे फुगवतो म्हणून दाढीवाला. स्वभावानं गरीब, दिवसा जागा, हातावर शांत बसणारा. मुलांना आवडतो यात नवल नाही. मुलानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "बाबा, दुकानदार वेगळा महागडा दिवा घ्यायला सांगतोय, घेऊ का?" मी इथे पुण्यात चहा पीत होतो. म्हणालो, "अरे, खिडकीत ठेव की, ऊन फुकट आहे." आबा प्रोफेसर, आबा म्हणाले म्हणजे झालं!

खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण उन्हातले जे यूव्हीबी किरण असतात ते काच जवळजवळ सगळे अडवते. त्या किरणांवर सरड्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि मग शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. काही महिन्यांत त्याचा जबडा मऊ पडला, पाय थरथरायला लागले. वैद्यानं निदान केलं, उपचारही केले, पण उशीर झाला होता. नात तेव्हा दहा वर्षांची होती. तिनं मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी हा विषय परीक्षेला बसल्यासारखा वाचला.

त्यातून मला एक गोष्ट उमगली. कुत्रामांजर आपण घरात ठेवतो तेव्हा ते आपल्याच हवेत राहतं, कारण त्याची ऊब त्याच्या आत असते. सरडा आणि पाल यांची ऊब बाहेर असते. शरीर पुरेसं तापलं नाही तर त्यांना अन्नसुद्धा पचत नाही. म्हणजे आपण प्राणी विकत घेत नसतो, एका मुलखाची हवा चालवायची जबाबदारी घेत असतो. ऊन, सावली, रात्र, ओल, सगळं आपल्या हातात. आणि रानात तो प्राणी काय करतो? गरम दगडावर जातो, तापला की सावलीत सरकतो. दिवसभर तो हीच निवड करत असतो. म्हणून पेटीत एकच तापमान ठेवणं चूक. एक टोक गरम हवं, दुसरं गार हवं, आणि मधे चालायला जागा हवी. लहान पेटी वाईट ती यासाठी. पेटी लहान असली की ती सगळीच तापते आणि निवड संपते.

2020 च्या मार्चमध्ये मी तीन महिन्यांसाठी टेक्सासला गेलो आणि साथीमुळे वर्षाच्या वर अडकलो. शाळा बंद, नात घरात, आणि तिनं भीत भीत पुन्हा विषय काढला. या वेळी आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. प्राणी बघितलाच नाही. कागदावर लिहिलं : घरात जागा किती, किडे चालतील का, वीस वर्षं कोण बघणार?

हिरवा इग्वाना पहिल्याच ओळीत बाद. दुकानात तो हातभर असतो आणि स्वस्त मिळतो. मोठा झाला की शेपटीसकट दीड मीटर, कधी त्याहून जास्त. त्याला पेटी नाही, खोली लागते. शॅमेलिऑन सुंदर, पण नवख्याचं काम नव्हे. बिअर्डेड ड्रॅगन पुन्हा घ्यायचा तर कमीत कमी चार फूट लांब पेटी, तापायच्या जागी 40 अंशांच्या आसपास ऊन आणि यूव्हीबीची लांब नळी. ही नळी दिसायला पेटलेली असली तरी तिचे किरण कमी होत जातात, म्हणून सहा महिने ते वर्षभरानं बदलायची. हे सगळं जमत असेल तर तो उत्तम आहे. नात नको म्हणाली. कारण मी विचारलं नाही.

सूनबाईंची अट होती की स्वयंपाकघराच्या आसपास जिवंत किडे नकोत. अशांसाठी क्रेस्टेड गेको म्हणून न्यू कॅलेडोनिया बेटावरची पाल आहे. ती नामशेष झाली असं समजत होते, 1994 मध्ये पुन्हा सापडली, आणि आज घरोघरी आहे. तयार मिळणारी फळांची भुकटी पाण्यात कालवून दिली की तिचं पुष्कळसं भागतं. पण तिला उंच, ओलसर पेटी लागते आणि 28 अंशांच्या वर तिला सोसत नाही. टेक्सासच्या उन्हाळ्यात एसी बंद पडला तर काय? तिथे आम्ही थांबलो.

राहिली लेपर्ड गेको. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातली पाल. तिची एक जवळची नातलग महाराष्ट्रातही आहे. लोक तिला विषारी समजून ठेचतात, विष बिलकुल नसतं. आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी ही भिंत चढत नाही, बोटांना त्या गाद्याच नाहीत, आणि हिला पापण्या आहेत. डोळे मिटून झोपते! वीतभर लांब, जाड शेपटीत चरबी साठवणारी. खाणं मात्र रातकिडे, अळ्या, डुबिया नावाची झुरळं. सूनबाईंनी गॅरेजमध्ये डबा ठेवायला परवानगी दिली.

पेटी आम्ही तीन फूट लांब, दीड फूट रुंद घेतली. गरम टोकाला जमीन 32 अंश, गार टोकाला 25. लपायच्या जागा तीन : एक गरम टोकाला, एक गार टोकाला, आणि एकीत ओलं शेवाळ, कारण कात टाकताना ओल लागते. ओल नसली की बोटांवर कात अडकते, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गळतं. खाली वाळू घातली नाही, साध्या फरश्या टाकल्या. पिल्लं किड्याबरोबर वाळू गिळतात. दर जेवणाला किड्यांवर कॅल्शियमची पूड, आणि या वेळी मंद यूव्हीबी दिवासुद्धा. निशाचर पालीला तो लागतोच का, यावर पाळणाऱ्यांत वाद आहे. मी वाद घातला नाही, दिवा आणला.

खर्च वाचवायचा असेल तर शोभेची झाडं घेऊ नका, पण थर्मोस्टॅट घ्याच. त्याच्याशिवाय हीट मॅट तापत राहते आणि पालीचं पोट भाजतं. त्यांना खालून भाजल्याचं चटकन कळत नाही. विजेवर तापणारे दगड विकतात, ते याचसाठी घ्यायचे नाहीत. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे तापमापकही नकोत, तारेचा डिजिटल घ्या. रिकामी पेटी आम्ही दोन आठवडे चालवली. नात रोज सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहायची. पहिल्या आठवड्यात गरम टोक 38 वर गेलं होतं. आत पाल असती तर?

मग फेब्रुवारी 2021. टेक्सासमधली ती थंडी तुम्ही बातम्यांत पाहिली असेल, लाखो घरांची वीज गेली. आमची दोन दिवस गेली. घरात आठ अंश. आमची चालवलेली हवाच बंद पडली. थर्मोकोलच्या खोक्यात टॉवेल, गॅसवर तापवलेल्या पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून, मधे छोट्या डब्यात पाल, डब्याला भोकं. रात्री दर तीन तासांनी बाटल्या बदलायच्या. ती पाळी माझी होती, म्हाताऱ्याला तशीही झोप येत नाही. खायला काही दिलं नाही, कारण थंड शरीरात अन्न पचत नाही, सडतं. वीज आल्यावरसुद्धा पेटी नीट तापून दोन दिवस झाल्यावर पहिला रातकिडा दिला. तिनं तो घेतला तेव्हा सूनबाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या.

एका श्रोत्यांनी लिहून विचारलंय, ती तुम्हाला ओळखते का, प्रेम करते का? हात आला की ती आता पळत नाही, एवढं मी सांगू शकतो. त्यापलीकडे तिच्या आत काय चाललंय यावर मी बोलायला लागलो तर नेगेलचा वटवाघळावरचा 1974 चा लेख काढावा लागेल, आणि वेळ संपत आलीय. हाताळल्यावर हात साबणानं धुवा, साल्मोनेला असू शकतो, घरात तान्हं मूल असेल तर जास्तच. शेपटी धरू नका, तुटते. दोन नर एकत्र ठेवू नका.

नात पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. वसतिगृहात पाल चालत नाही. अशी पाल पंधरा-वीस वर्षं सहज जगते, म्हणजे अजून दहा-बारा वर्षं आहेत. माझं वय 76. कागदावर मुलाचं नाव लिहिलेलं आहे, आणि त्याखाली सूनबाईंनी स्वतःहून त्यांचं लिहिलंय.

पुढच्या महिन्यात कान्ट. या.