मधुमेहांतील मूक हानि : हृदय व मूत्रपिंड

उसाच्या मुळांना हुमणी लागली तरी वरचा पाला कांहीं दिवस हिरवाच दिसतो. तो पिवळा पडेपर्यंत पुष्कळशीं मुळें खाल्लीं गेलेलीं असतात. मधुमेहानें हृदय व मूत्रपिंड यांची होणारी हानि अशीच आंतल्या आंत चालते. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत सुमारें १० कोटी लोकांना मधुमेह आहे. तेव्हां हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचा आहे.

हृदयास रक्त कमी पडलें म्हणजे छातींत कळ येते व मनुष्य सावध होतो. परंतु दीर्घकाळ वाढलेल्या साखरेनें वेदना पोंचविणारे मज्जातंतूच दुबळे होतात. मग हृदयविकाराचा झटकाही कळेवांचून येऊं शकतो. एकाएकीं दम लागणें, घाम फुटणें, मळमळणें किंवा विलक्षण थकवा येणें, एवढींच चिन्हें दिसतात. तीं उन्हाचीं वा अजीर्णाचीं समजून मधुमेह्यानें घरीं बसूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें.

मूत्रपिंड तर याहूनही अबोल. प्रत्येकांत सुमारें १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. त्या बिघडूं लागल्या कीं लघवींतून अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन झिरपतें. रक्तांतील क्रिएटिनिन बहुधा निम्मी शक्ति गेल्यावरच वाढतें. म्हणून केवळ त्यावर विसंबूं नये. लघवींत क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागें ३० मिलिग्रॅम किंवा अधिक अल्ब्युमिन पुन्हां पुन्हां आढळल्यास तें मूत्रपिंडाप्रमाणेंच हृदयाच्याही धोक्याचें निशाण समजावें.

वेळीं कळल्यास उपाय आहेत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत कॅप्टोप्रिलनें मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो, हें १९९३ सालीं दिसून आलें. २०१९ सालीं दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांवरील प्रयोगांत कॅनाग्लिफ्लोझिननें मूत्रपिंड निकामी होण्याचें व हृदयविकाराचें, दोन्ही प्रमाण घटलें. अशीं औषधें अर्थात् डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावीं.

शेतकरी बंधूंनीं स्वतः करावयाचें तें इतकेंच : साखर व रक्तदाब आटोक्यांत ठेवावा, तंबाखू व विडी सोडावी, आणि कंबर दुखते म्हणून वेदनाशामक गोळ्या मनानें घेऊं नयेत, त्या मूत्रपिंडास अपाय करतात. घरांत ज्या स्त्री-पुरुषांस मधुमेह आहे, त्यांची लघवी व रक्त दरवर्षीं सुगी आटोपतांच तपासून घ्यावें. कांहीं दुखत नाहीं, हें तपासणी टाळण्याचें कारण होऊं शकत नाहीं.