डावं कुठलं आणि उजवं कुठलं, हे भ्रूणाला कसं कळतं?

बाहेरून पाहिलं तर आपली डावी आणि उजवी बाजू जवळपास सारखीच. आत मात्र तसं नाही. हृदय डावीकडे झुकलेलं, यकृत उजवीकडे, प्लीहा डावीकडे. साधारण १०,००० माणसांत एकाची सगळी मांडणी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी असते. मग बाकीच्या ९,९९९ जणांच्या भ्रूणांनी एकच बाजू निवडली कशी?

प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. डोकं-शेपूट आणि पाठ-पोट हे दोन अक्ष आधी ठरतात. पण ते ठरल्यावरही डावी बाजू आणि उजवी बाजू यांत काहीच फरक नसतो. कुठून तरी ‘हस्तता’ आणावी लागते, आणि ती दर वेळी एकाच बाजूची हवी.

याचं उत्तर शोधायला झेब्राफिश फार सोयीचा. अंडी शरीराबाहेर फलित होतात, भ्रूण पारदर्शक असतो आणि २८.५ अंश सेल्सिअसला २४ तासांत हृदयाची नळी डावीकडे सरकलेली दिसते. पण निर्णय त्याच्या बऱ्याच आधी झालेला असतो. साधारण बाराव्या तासाच्या आसपास शेपटीच्या टोकाजवळ द्रवाने भरलेली एक इवलीशी पिशवी दिसते: कुप्फरची पिशवी. कार्ल कुप्फर यांनी १८६८ मध्ये माशांच्या भ्रूणात तिचं वर्णन केलं, पण तिचं काम नीट कळायला २००५ उजाडलं.

पिशवीच्या आतल्या प्रत्येक पेशीवर एक सिलियम असतं, म्हणजे केसासारखा बारीक तंतू. ही सिलिया गरागरा फिरतात. सिलियमच्या आत नळ्यांच्या ९ जोड्या असतात आणि त्यांच्यावरचे डायनीन या मोटर प्रथिनाचे हात सगळे एकाच दिशेने वळलेले असतात. हवी असलेली हस्तता इथे सापडते, रेणूच्या घडणीतच. पिशवीच्या पुढच्या, वरच्या भागात सिलिया जास्त दाटीने असतात. पाठीकडून पाहिलं तर द्रव घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, आणि पुढच्या भागात जोरदार प्रवाह उजवीकडून डावीकडे जातो.

हा प्रवाह पेशींना जाणवतो कसा? २०२३ मध्ये संशोधकांनी लेझरच्या चिमट्याने, म्हणजे ऑप्टिकल ट्वीझर्सने, पिशवीतली सिलिया प्रत्यक्ष हलवून पाहिली. यांत्रिक धक्क्याने पेशीत कॅल्शियमचे संकेत उठले. या कामासाठी पीकेडी२ हे आयन-वाहक प्रथिन लागतं. पुढची साखळी अशी: डाव्या बाजूला डॅन्ड५ या जनुकाचा संदेश कमी होतो. डॅन्ड५ हा साउथपॉ या संकेत-प्रथिनाचा अडथळा. अडथळा हटला की डाव्या बाजूच्या मध्यस्तरात साउथपॉ मागून पुढे पसरत जातं, पिट्एक्स२ चालू होतं, आणि हृदय, आतडं यांना ‘इकडे वळा’ हा निरोप मिळतो. इंग्रजीत डावखुऱ्याला साउथपॉ म्हणतात, नाव त्यावरूनच! हा निरोप उजवीकडे गळू नये म्हणून मध्यरेषेवर लेफ्टी१ पहाऱ्याला असतं.

आता संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी मुख्य मुद्दा. समजा सिलिया थांबवली, तर सगळ्या भ्रूणांचं हृदय उजवीकडे जाईल का? नाही. दिशा यादृच्छिक होते, नाणेफेकीसारखी. आयव्ही नावाच्या उंदरांत डायनीनच्या बिघाडामुळे साधारण निम्म्या पिल्लांची मांडणी उलटी असते, आणि सिलियांचा जन्मजात विकार असलेल्या माणसांतही साधारण निम्म्यांची. म्हणजे सिलिया ‘असमानता’ निर्माण करत नाहीत, तर ती ‘कुठल्या बाजूला’ हे ठरवतात. तक्त्यात ५२ टक्के भ्रूण नॉर्मल दिसले की ‘जनुकाचा फारसा परिणाम नाही’ असं लिहायचा मोह होतो. थांबा. निरोगी माशांत जवळजवळ सगळी हृदयं डावीकडे असतात. त्यामुळे ५२ टक्के म्हणजे निर्णय घेणारी यंत्रणा जवळपास पूर्ण बंद.

दुसरा मुद्दा: बदल नेमका त्या पिशवीमुळेच झाला, हे कसं दाखवायचं? जनुक सगळ्या भ्रूणात बंद केलं तर मध्यरेषाही बिघडू शकते. म्हणून संशोधकांनी एक युक्ती केली. भ्रूण काहीशे पेशींचा असताना जनुक दाबणारा मॉर्फोलिनो योकमध्ये टोचला. त्या वेळी तो मुख्यतः पिशवीच्या पूर्वज पेशींतच शिरतो. तरीही हृदयाची दिशा बिघडली. आणि उलट बाजूने पुरावा? २००२ मध्ये जपानच्या गटाने उंदराच्या भ्रूणावर कृत्रिम प्रवाह उलटा वाहवला, तर मांडणीही उलटली. प्रवाह काढून टाकणं आणि प्रवाह उलटवणं, हे दोन्ही करून पाहिल्यावरच कारण-परिणाम पक्का झाला.

एक सल्ला स्वतःच्या चुकीतून. मी एकदा अख्खी दुपार हृदयांची मोजणी केली आणि संध्याकाळी लक्षात आलं की अर्धे भ्रूण पाठीकडून पाहिले होते, अर्धे पोटाकडून. पोटाकडून पाहिलं की माशाची डावी बाजू तुमच्या उजवीकडे येते. वर कॅमेरा प्रतिमा उलटी दाखवतो का, तेही तपासलेलं नव्हतं. सगळी मोजणी फेकून द्यावी लागली. तेव्हापासून पहिली ओळ हीच लिहिते: कुठल्या बाजूने पाहतेय, प्रतिमा उलटी आहे का, आणि मोजणाऱ्याला कुठला गट कुठला हे माहीत आहे का. (नसावं!)

शेवटी एक सावधगिरी. कोंबडीच्या भ्रूणात फिरत्या सिलियांशिवायच बाजू ठरते. त्यामुळे एका प्राण्यातलं उत्तर सगळ्यांना लावू नका. या विषयावरचा पुढचा पेपर हातात घेतलात की आधी आकृतीखालची ओळ वाचा: भ्रूण किती मोजले, कुठल्या बाजूने पाहिले, आणि ५० टक्क्यांच्या जवळ काय आहे.