मोडीचे गठ्ठे आणि सोल्यूशन आर्किटेक्ट

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा राजवटीचे मोडी कागद आहेत. समजा, ते घरबसल्या शोधता यावेत असं ठरलं. ‘स्कॅन करा आणि टाका वेबसाइटवर’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. आयटी कन्सल्टंट आधी विचारतो, शोधणार कोण? मोडी न येणाऱ्याला नुसतं चित्र काय कामाचं?

गरज ठरली की सोल्यूशन आर्किटेक्ट आराखडा मांडतो. जपून ठेवायला टिफ, वाचकाला हलकी जेपेग. सर्व्हर ग्रंथालयात की क्लाउडवर, दुसरी प्रत कुठल्या शहरात. 1803 शोधलं तर शके 1725चा कागदही सापडला पाहिजे. स्कॅन करताना 300ऐवजी 600 डीपीआय (दर इंचातले ठिपके) घेतलं की न दाबलेल्या फाइलला चौपट जागा लागते; हा हिशेब पैसे देणाऱ्याला त्यानेच समजवायचा.

या पदावर सहसा थेट कोणी येत नाही. प्रोग्रॅमिंग, डेटाबेस किंवा नेटवर्कमध्ये काही वर्षं मुरावं लागतं. क्लाउडची प्रमाणपत्रं फार तर मुलाखतीपर्यंत नेतात. खरा सराव वेगळाच: चालू प्रकल्पातला एक निर्णय घ्यायचा आणि कोणते पर्याय का सोडले, ते पानभर लिहायचं.