विद्युत् गिटारीचा कान



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत संतवाङ्मय आणि अर्थकारण यांच्या पंगतीला गिटारीच्या एका सुट्या भागाचे पान मांडलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु वस्तू बोटभर असली तरी तिच्यात पदार्थविज्ञान आहे, कारागिरी आहे, व्यापार आहे, आणि या तिघांच्या ओढाताणीत गिऱ्हाइकाच्या खिशाचाही प्रश्न आहे. ज्या घरात मुलगा किंवा मुलगी विद्युत् गिटार वाजवते, त्या घरात आज ना उद्या मागणी येतेच की, "बाबा, गिटारीचा पिकअप बदलायचा आहे, एक कारागीर हाताने गुंडाळून देतो." किंमत ऐकल्यावर वडील विचारतात, "एवढ्यात दुसरी गिटार येणार नाही का?" दोघांचेही म्हणणे अगदीच चुकीचे नसते. हाताने केलेल्या पिकअपमध्ये पैसे नेमके कशाचे मोजावे लागतात, हे दोघांनाही ठाऊक नसते इतकेच.

साध्या गिटारीत तारेचे कंपन घोडीवरून पातळ लाकडी पृष्ठावर उतरते, ते पृष्ठ हवेला हलविते आणि पोकळ पेटी त्या नादाला साथ देते. विद्युत् गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. ती नुसती छेडली तर शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही. तिचा आवाज बाहेर काढण्याचे काम तारांच्या खाली बसविलेला पिकअप करतो. अनेकांची समजूत असते की हा एक छोटा मायक्रोफोन आहे. मायक्रोफोन हवेतील कंपने ऐकतो. पिकअप हवेची दखलच घेत नाही. त्याच्या पोटात लोहचुंबक असतो आणि चुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतः किंचित् चुंबकीय बनते. ती थरथरली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते, आणि क्षेत्र बदलले की वेढ्यांत विद्युत्-दाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखविलेले तत्त्व ते हेच. आपल्या घरी वीज पाठविणाऱ्या जनित्रातही तेच काम करते. म्हणून नायलॉनच्या तारा चढविल्या तर हा कान ठार बहिरा होतो.

हे तत्त्व गिटारीला प्रथम यशस्वीपणे लावले ते अमेरिकेत, आणि तेही हवाई गिटारीला. जॉर्ज बोशां हा हवाई गिटार वाजवून पोट भरणारा कलावंत. नाटकगृहातील मोठ्या वाद्यवृंदापुढे आपले वाद्य ऐकू जात नाही, ही त्याची तक्रार. १९३१ साली त्याने व अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकरच्या मंडळींनी नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक तारांभोवती बसविलेले वाद्य सिद्ध केले. त्याची घडण पाहून लोक त्याला 'तळण्याचा तवा' म्हणू लागले! पहिली वेटोळी त्याने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार लावून गुंडाळली, असे सांगतात. १९३४ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, तेव्हा हे वाद्य खरोखर वाजते का, असा संशय त्या कचेरीत निघाला आणि तेथे ते वाजवून दाखवावे लागले, असेही सांगतात. पेटंट मिळाले १९३७ साली. हीच हवाई गिटार पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आली. व्हॅन शिप्ले यांच्या विजेवरच्या गिटारीचे सूर ज्यांनी जुन्या तबकड्यांवर ऐकले आहेत, त्यांना बोशांचा शोध नकळत परिचयाचा आहे.

आता एक नमुना डोळ्यांपुढे ठेवू. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडरने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार बाजारात आणली. तिच्या प्रत्येक पिकअपमध्ये अल्निको, म्हणजे लोखंडात अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट मिसळून केलेल्या धातूच्या सहा कांड्या असतात, सहा तारांना सहा. त्यांच्याभोवती ४२ क्रमांकाच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे. ही तार किती बारीक? आवरण सोडले तर जाडी ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे आपल्या केसाएवढी. पिकअपचा रोध साधारणतः सहा हजार ओहम भरतो. या तारेच्या एका मीटरला सुमारे साडेपाच ओहम रोध असतो, तेव्हा भागाकार केला तर आगपेटीहून फारशा मोठ्या नसलेल्या त्या डबीत अकराशे मीटर तार बसलेली निघते. गुंडाळताना ती बोटांतून एक किलोमीटर सरकते, आणि ताण जरा अधिक झाला की तुटते. तुटली की बहुधा पहिल्यापासून सुरुवात.

'हाताने गुंडाळलेला' या शब्दांनी येथेच थोडी फसगत होते. वेटोळ्याची फिरकी हाताने कोणी आठ हजार वेळा फिरवीत नाही. ती मोटारच फिरविते. हाताचे काम तार चिमटीत धरून डावीउजवीकडे सरकवीत थर बसविण्याचे. फेंडरच्या कारखान्यात हे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत. अबिगेल इबारा या १९५६ साली तेथे लागल्या आणि २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांनी गुंडाळलेल्या पिकअपना आज संग्राहक मान देतात. गिब्सन कंपनीची कथा तर अधिक उद्बोधक आहे. सेथ लव्हर या तंत्रज्ञाने १९५५ मध्ये दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपसाठी अर्ज केला; पेटंट मिळेपर्यंत १९५९ उजाडले. मधल्या काळात पिकअपच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी डकविलेली असे. गुंडाळणाऱ्या यंत्रांना वेढे मोजून आपोआप थांबण्याची सोय नव्हती, आणि चुंबकही हाती येतील त्या प्रतीचे बसत. परिणामी एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन पिकअपांचे रोध सात हजार आणि नऊ हजार ओहम असे निघत. आज त्या चिठ्ठीवाल्या पिकअपांना सोन्याचे मोल आले आहे. कारखान्याची बेशिस्त पुढच्या पिढीत परंपरा होऊन बसली, असे म्हटले तर भाविकांनी रागावू नये. त्यांतले काही उत्तम वाजतात, काही सामान्य.

ती जुनी गोडी नव्याने मिळवावी, किंवा तिच्याहून जोरकस आवाज मिळवावा, या ओढीतून सुटे पिकअप विकण्याचा धंदा उभा राहिला. लॅरी डिमार्झिओचा 'सुपर डिस्टॉर्शन' १९७२ च्या सुमाराचा, सेमूर डंकन यांची कंपनी १९७६ ची. त्यानंतर एकेकट्या कारागिरांची रांग लागली.

या कारागिरीची तुलना मला तंबोऱ्याच्या जवारीशी करावीशी वाटते, आणि ती एका महत्त्वाच्या ठिकाणी तुटते. मिरजेचा कारागीर जवारी काढतो तेव्हा घोडीचे पृष्ठ कणभर घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो. हाताला कानाची साथ पावलोपावली असते. पिकअप गुंडाळणाऱ्याला ही सोय नाही. आठ हजार वेढे पुरे होऊन, जोडण्या होऊन, गिटारीत बसवून तारा चढेपर्यंत त्याला काहीही ऐकू येत नाही. काम चालू असताना तो बहिराच असतो. मग त्याला मार्गदर्शन कोणाचे? वेढे मोजणाऱ्या यंत्राचे आणि मागच्या कामांच्या वहीचे. अमुक चुंबक, अमुक तार, इतके वेढे, आणि आवाज असा आला, ही नोंद ज्याच्याकडे आहे त्याचा हात शिकलेला. ज्याच्याकडे नाही, त्याच्या हाताला हाताची जादू म्हणण्यापलीकडे सांगण्यासारखे काही उरत नाही.

ही जादू आकड्यांत किती बसते ते पाहू. हाताने गुंडाळताना थर थोडे विस्कळीत पडतात, त्यामुळे शेजारच्या वेढ्यांमधली विद्युत्-धारकता कमी होते आणि आवाज मोकळा होतो, असे सांगण्यात येते. तत्त्वतः ते खरे आहे. पिकअपचे प्रवर्तन आणि एकूण धारकता यांवरून एक विशिष्ट कंपनसंख्या ठरते. तिच्या आसपासचे स्वर उठून दिसतात आणि तिच्यावरचे झपाट्याने मंदावतात. समजा, प्रवर्तन अडीच हेन्री, पिकअपची स्वतःची धारकता १०० पिकोफॅरड, आणि गिटारीपासून ध्वनिवर्धकापर्यंतच्या पाच मीटर केबलची ५००. हिशेब केला तर ही कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१०० येते. आता कारागिराने विस्कळीत थरांनी २० पिकोफॅरड वाचविले, असे धरा. ती ४१८० च्या जवळ जाईल. त्याऐवजी तुम्ही पाच मीटरची केबल काढून तीन मीटरची लावलीत, तर ती ५००० वर जाते! हाताच्या बारकाव्यापेक्षा दोन मीटर केबल भारी पडली. पण हीच कसोटी वेढ्यांना लावा. ७६०० ऐवजी ८४०० वेढे दिले तर आवाजाची पातळी एक डेसिबलहूनही कमी वाढते. ती कंपनसंख्या मात्र दहा टक्क्यांच्या आसपास खाली येते. म्हणजे तीच गिटार अधिक दाट आणि कमी धारदार बोलते. हा फरक कानाला कळतो, आणि तो कारागिराला तुमच्या गरजेप्रमाणे ठरविता येतो. पैसे मोजावेत ते याचे.

येथे एक सावधगिरी. दुकानदार रोधाचा आकडा जोराचे माप म्हणून सांगतात. ४२ ऐवजी अधिक बारीक ४३ क्रमांकाची तार वापरली की तेवढ्याच वेढ्यांत रोध वाढतो, जोर वाढत नाही. रोधाबरोबर तारेचा क्रमांक आणि वेढ्यांची संख्या सांगितली तरच त्या आकड्याला अर्थ.

पिकअप कोणत्या जागी बसतो, यालाही मोठे महत्त्व आहे. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. एकाच तारेत मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर नांदत असतात. स्ट्रॅटोकास्टरमधील मानेकडचा पिकअप मोकळ्या तारेच्या जवळजवळ एक चतुर्थांश अंतरावर येतो. चौपट कंपनाचा स्वर त्या बिंदूपाशी स्थिर असतो, म्हणून त्या पिकअपला तो जवळपास ऐकूच येत नाही. घोडीजवळच्या पिकअपला वरचे स्वर प्रमाणाने अधिक मिळतात आणि त्याचा नाद टोकदार होतो. घोडीजवळच्या जागेकडून मानेकडच्या गोडव्याची अपेक्षा कोणताही कारागीर पुरी करणार नाही.

एकेरी वेटोळ्याचा दुसरा दोष गुणगुणण्याचा. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेत ६० ची. दिव्यांच्या व रोहित्रांच्या क्षेत्राची ही गुणगुण वेटोळे इमानाने टिपते. लव्हरच्या दुहेरी पिकअपमध्ये दोन वेटोळ्यांचे चुंबकीय ध्रुव उलट आणि जोडणीही उलट असते, त्यामुळे तारेचा स्वर दोन्हींकडून एका दिशेने येतो आणि गुणगुण परस्परांना मारते. घरच्या तक्रारीचे मूळ एवढेच असेल, तर एकेरीच्या जागी दुसरा एकेरी, मग तो कितीही मनोभावे गुंडाळलेला असो, उपयोगाचा नाही.

म्हणून कारागिराकडे जाण्यापूर्वी नव्या तारा चढवाव्या आणि पिकअपची उंची स्क्रूने जुळवून पाहावी. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली असता चुंबक आणि तार यांत दोन ते अडीच मिलिमीटर अंतर असावे. अल्निकोच्या कांड्या फार जवळ आल्या तर तारेला ओढतात आणि एकाच स्वरात दोन बेसूर लाटा ऐकू येऊ लागतात. कित्येकांची तक्रार येथेच मिटते. तरीही पिकअप हवाच असेल, तर आवाज 'उबदार' हवा, 'जिवंत' हवा, असे मोघम बोलू नये. गिटार कोणती, जागा कोणती, तारांमधील अंतर किती, केबल किती लांब, आणि आजच्या आवाजात नेमके काय जास्त किंवा कमी आहे, ते सांगावे. तीनपैकी एकच पिकअप बदलायचा असल्यास उरलेल्या दोहोंचे ध्रुव व गुंडाळण्याची दिशा तपासून घ्यावी; नाहीतर दोन एकदम लावले की आवाज पोकळ आणि चिरका होतो. वेटोळे वितळलेल्या मेणात बुडविलेले असावे. सैल वेढे थरथरू लागले तर मोठ्या आवाजात गिटार शीळ घालते.

जोडणी करताना जुन्या तारांच्या रंगांचा कागदावर नकाशा काढून मगच डाग तोडावेत, आणि जुना पिकअप जपून ठेवावा. बदलण्यापूर्वी एक तुकडा वाजवून मुद्रित करावा. नंतर तोच तुकडा, त्याच केबलने, ध्वनिवर्धकाची बटणे न हलविता पुन्हा मुद्रित करावा. दोन्ही मुद्रणे घरातल्या तिसऱ्याच माणसाने क्रम न सांगता ऐकवावीत. नवे कोणते, हे वाजविणाऱ्याला वारंवार बरोबर ओळखता आले, तर वडिलांनी पैशांबद्दल पुन्हा बोलू नये. नाही ओळखता आले, तर जुना पिकअप परत बसवायला अर्धा तास पुरतो.