दोरी, ब्रास, वेग आणि वर्गणी : गणित आपल्या वस्तीतलं

पोलीस भरती असो, तलाठी असो की रेल्वे, आपल्या अभ्यासिकांमधली बरीच मुलं गणितापाशी अडतात. गंमत म्हणजे हीच मुलं जयंतीचा मंडप उभारतात, वर्गणीचा हिशोब ठेवतात, विहाराच्या बांधकामाला उभी राहतात. म्हणजे गणित रोज करतातच, फक्त कागदावर मांडत नाहीत. आम्ही इथे अशी काही गणितं मांडतो आहोत. पेन घेऊन बसा.

पहिलं भिंतीवरचं. अशोकचक्र रंगवायचं आहे आणि आरे २४ हवेत. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, म्हणून दोन आऱ्यांमध्ये ३६० ÷ २४ = १५ अंश. कोनमापक एवढा मोठा मिळत नाही आणि अंदाजाने काढलं तर शेवटचे दोन आरे एकमेकांना चिकटतात. त्याला उपाय खिळा आणि दोरी. समजा दोरी ६० सेंटिमीटरची. तिने वर्तुळ काढा. मग तेवढ्याच दोरीने परिघावर एकापुढे एक खुणा करत जा. बरोबर सहा खुणांत तुम्ही सुरुवातीच्या जागी पोचता, कारण प्रत्येक खूण ६० अंशांवर पडते. आता शेजारच्या दोन खुणांवरून सारख्या लांबीचे कंस बाहेरच्या बाजूला काढा. ते जिथे छेदतील तिथून मध्यापर्यंत रेघ ओढली की कोन दुभागला. सहाचे बारा झाले. पुन्हा तेच करा, बाराचे चोवीस. पडताळा घ्यायचा तर परीघ २ × ३.१४ × ६० = ३७६.८ सेंमी, भागिले २४ म्हणजे १५.७ सेंमी. टेप लावून बघा.

गवंडी पाया आखताना हीच दोरी वेगळ्या पद्धतीने वापरतो. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजायचे. तिरकं अंतर ५ फूट भरलं तर कोपरा काटकोनात. पायथागोरसचं प्रमेय ते हेच. हॉल मोठा असेल तर ९-१२-१५ घ्या, चूक लवकर दिसते.

पैसा खरा जातो तो घनफळात. वाळू, खडी ब्रासवर मिळते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद असेल तर वाळू २ फूट उंच भरली पाहिजे, तेव्हा ब्रास होतो. वाळू १ फूट ९ इंचच असेल तर? १० × ५ × १.७५ = ८७.५ घनफूट. नुसते ३ इंच कमी, पण माल आठव्या हिश्श्याने कमी. ब्रासचा भाव ४,००० रुपये धरला तर दर खेपेला ५०० रुपये गेले, आणि तेही लोकांनी दहा-वीस रुपये करून जमवलेले. मधोमध ढीग केलेली ट्रॉली भरलेली दिसते, म्हणून आधी सपाट करायला सांगा, मग उंची मोजा. मोजताना संकोच कसला?

स्लॅबचंही तसंच. २० × १५ फूट, जाडी ५ इंच. इंचाचे फूट करायला विसरू नका, परीक्षेतही मुलं इथेच चुकतात. २० × १५ × ५/१२ = १२५ घनफूट, सव्वा ब्रास काँक्रीट. पाण्याच्या हौदासाठी १ घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ४ × ३ × ३ फुटांचा हौद हजार लिटरचा.

आता रस्ता. दीक्षाभूमीला रात्रीचा प्रवास करून जाणाऱ्या आपल्या तरुणांसाठी हे गणित खास. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, कारला सपाट भागात कमाल मर्यादा ताशी १२०. किमी/ताशीचे मीटर/सेकंद करायला ५/१८ ने गुणा. १२० × ५/१८ = ३३.३. तीन सेकंद डोळा लागला तर गाडी १०० मीटर चालकाविना गेली. ताशी १०० ने ७०० किलोमीटरला ७ तास, १२० ने ५ तास ५० मिनिटं. वाचतात ७० मिनिटं. आमच्या मते त्यातला तासभर गाडी थांबवून झोपण्यात घालवलेला बरा.

परीक्षेतला नेहमीचा सापळाही सांगून ठेवतो. जाताना ताशी ६०, येताना ४०. सरासरी ५० नाही. अंतर १२० किमी धरा. २ तास अधिक ३ तास, ५ तासांत २४० किमी. उत्तर ४८.

शेवटी पैशाचा हिशोब. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध प्रसिद्ध केला आणि १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर भाषण केलं. त्यांच्या जयंतीचा जमाखर्च तरी टक्केवारीत मांडायला हवा. समजा १५० घरं, प्रत्येकी ३०० रुपये, जमा ४५,०००. डीजे २५,०००, मंडप १०,०००, बॅनर ५,०००, पाणी-नाश्ता ४,०००, पुस्तकं १,०००. डीजेवर ५५ टक्क्यांहून जास्त, पुस्तकांवर सव्वादोन टक्के. हा तक्ता विहाराच्या फळ्यावर लावा, पुढच्या बैठकीत चर्चा आपोआप होईल.

घरातलं गणित याहून महाग पडतं. ३०,००० रुपये कर्ज, 'फक्त १२ टक्के फ्लॅट', १२ हप्ते. व्याज ३,६००, हप्ता २,८००. स्वस्त वाटतं. पण दर महिन्याला २,५०० मुद्दल फिटत जातं, त्यामुळे वर्षभरात तुमच्याकडे सरासरी १६,२५० रुपयेच राहतात. ३,६०० भागिले १६,२५०, म्हणजे जवळपास २२ टक्के. म्हणून एजंटला दर 'घटत्या शिलकीवर' किती, ते विचारा. बँका आणि एनबीएफसींनी कर्जदाराला मुख्य तथ्य विवरण द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या कागदावर एपीआर नावाचा आकडा असतो. सही करण्याआधी तो वाचा, आणि आईने किंवा मावशीने बचत गटातून कर्ज काढलं असेल तर त्यांच्या पासबुकावरही हेच गणित करून बघा.