चंद्र पाहायची दुर्बीण घेताय? डब्यावरचा आकडा नव्हे, भिंग आणि तिवई बघा

२३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. तो चंद्र मुलांना जवळून दाखवावा असे कोणालाही वाटेल. पण घाईने घेतलेली दुर्बीण महिन्याभरात माळ्यावर जाते आणि पैसे पाण्यात जातात. तेव्हा आधी थोडी माहिती घ्या.

वाकड १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. शेजारी हिंजवडी वाढली, महामार्गाचे दिवे रात्रभर जळतात. तिथून अंधुक तारे आता दिसायचे नाहीत. चंद्राला मात्र या उजेडाची बाधा नाही. त्यामुळे अशा गावांत साधी भिंगाची दुर्बीण चंद्रासाठी चांगली कामाला येते.

काय बघून घ्यावी?

डब्यावर '५२५ पट' असे छापलेले असते. पिशवीवरचे कणीस बघून आपण बियाणे घेत नाही, तसेच हे. खरे महत्त्व पुढच्या भिंगाच्या व्यासाला आहे. ५० मि.मी.पेक्षा ७० मि.मी.चे भिंग जवळजवळ दुप्पट प्रकाश घेते. व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट करा. तेवढे पट ही वरची मर्यादा समजा. म्हणजे ७० मि.मी.ला १४० पट. त्यापुढे चित्र नुसते मोठे आणि धूसर होते.

हिशेब सोपा आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, आकड्याने भागा. ७०० मि.मी.च्या दुर्बिणीला २५ चे आयपीस लावले तर २८ पट, १० चे लावले तर ७० पट. गॅलिलिओने १६०९ साली सुमारे २० पटीच्या दुर्बिणीने चंद्रावरचे डोंगर ओळखले होते. तेव्हा एवढे भरपूर झाले.

पुढचे भिंग काचेचे आणि दोन काचांचे जोडभिंग असावे. दुकानातूनच लांबच्या विजेच्या खांबाकडे बघा. कडेला जाड निळी-जांभळी किनार दिसली तर ती दुर्बीण नको. तिवई हलवून बघा. टिचकी मारल्यावर चित्र बराच वेळ थरथरत असेल तर चंद्र धड दिसणार नाही. तिवईच्या मध्ये दगडांची पिशवी टांगली तर थरथर कमी होते.

ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांनी दरपत्रके मागवताना नुसते 'दुर्बीण, एक नग' असे लिहू नये. व्यास, नाभीय अंतर, आयपीस आणि तिवई हे सर्व लिहावे. नाहीतर सर्वांत हलका माल पदरात पडेल.

केव्हा आणि काय बघावे?

पौर्णिमेला बघू नये. तेव्हा चंद्रावर सावल्या पडत नाहीत, सगळे सपाट दिसते. शुक्ल पंचमी ते दशमी हे दिवस उत्तम. अष्टमीला दिवेलागणीच्या सुमारास चंद्र उंच असतो. उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा, विवरे उठून दिसतात. नवमी-दशमीला सुमारे ९३ किलोमीटर रुंदीचे कोपर्निकस विवर दिसते. मुले यान दाखवा म्हणतील, पण या दुर्बिणीतून सुमारे तीन किलोमीटरहून लहान खूण ओळखू येत नाही, हे आधीच सांगून ठेवा. तापलेल्या स्लॅबवर दुर्बीण मांडू नका, चित्र उकळल्यासारखे हलते. त्यापेक्षा अंगण किंवा शेताचा बांध बरा.

सर्वांत महत्त्वाचे

दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये. क्षणात डोळा कायमचा जातो. काही डब्यांत आयपीसवर लावायची काळी काच येते, ती उन्हाने तडकते. ती फेकूनच द्यावी. दिवसा दुर्बीण मुलांच्या हाती एकटी सोडू नये. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवावी.

शक्य तर आधी पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शन कार्यक्रमाला जा. ही संस्था १९४४ पासून काम करते. तिथे दुर्बिणीला स्वतः डोळा लावून बघा आणि मगच खिशात हात घाला.